उसना गोलकीपर

मी अकरा वर्षं फुटबॉल खेळून पोट भरलं, हे मेहकरात अजूनही काही लोकांना खरं वाटत नाही. बसस्टँडवर एखादा जुना वर्गमित्र भेटतो. विचारतो, "म्हंजे टीव्हीवर दिसत होता का तू?" मी नाही म्हणतो. मग तो विषय बदलतो. त्याची काही चूक नाही. आमच्या जिल्ह्यात फुटबॉल म्हणजे शाळेच्या खेळाच्या खोलीत हवा जाऊन पडलेला एखादा चेंडू.

मी मूळचा सुलतानपूरचा. वडील एसटीत ड्रायव्हर होते, मेहकर डेपोला. आठवीत त्यांनी मला मेहकरच्या शाळेत घातलं. तिथले खेळाचे सर कामठीकडचे होते. कामठीत पोरं चालायला लागली की चेंडू लाथाडायला लागतात, असं ते सांगायचे, आणि मेहकरात येऊन पडल्याचं दुःख त्यांनी आम्हाला फुटबॉल शिकवून हलकं केलं. वर्गात मी सगळ्यात उंच. पहिल्याच दिवशी त्यांनी माझे पंजे उलटसुलट करून पाहिले आणि दोन विटांच्या मधे नेऊन उभं केलं. म्हणाले, "तू इथं थांब. पळायचं काम बाकीचे करतील."

तिथून पुढचं थोडक्यात सांगतो. सरकारी क्रीडा वसतिगृह, मग नागपूरच्या क्लबांकडून खेळणं, मग तिसऱ्या लीगमधला एक क्लब, आणि सव्विसाव्या वर्षी दुसऱ्या लीगमधला. आपल्याकडे लीगची उतरंड आहे. सगळ्यात वर एक लीग, जिचे सामने टीव्हीवर लागतात, स्टेडियम भरतं. तिच्याखाली दुसरी. दुसऱ्या लीगमध्ये जो क्लब पहिला येतो त्याला वर जायचा हक्क मिळतो. तिच्याखाली तिसरी, जिथं मैदानाच्या कडेला खेळाडूंचे भाऊ आणि चहावाले एवढेच प्रेक्षक असतात. मी खालून एक पायरी वर आलो होतो. क्लब दक्षिणेकडच्या समुद्राकाठच्या एका शहरात होता. मेहकरहून एसटीने अकोला, तिथून रेल्वे, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खारट वारा लागायचा.

पहिल्या वर्षी मीच मुख्य गोलकीपर होतो. जवळजवळ सगळे सामने खेळलो. दर सामन्यानंतर बाबा फोन करायचे. त्यांना खेळ फारसा कळत नसे. ते एवढंच विचारायचे, "किती गेले?" मी सांगायचो, एक गेला, दोन गेले. एकही गेला नाही म्हटलं की म्हणायचे, "मंग बरं हाय."

दुसऱ्या वर्षी, सीझन सुरू व्हायच्या आधी, कोचनी मला एकट्याला बोलावून घेतलं. आमच्या क्लबने वरच्या लीगमधल्या एका मोठ्या क्लबशी करार केला होता. ते त्यांचे तीन तरुण खेळाडू वर्षभरासाठी आमच्याकडे लोनवर देणार होते. पगार त्यांचाच, खेळाडू त्यांचेच. फक्त त्यांना सामने खेळायला मिळायला हवेत, म्हणजे तयार झाले की ते परत नेता येतील. त्या तिघांतला एक गोलकीपर होता.

कोच म्हणाले, "तुझ्या खेळात काही कमी नाही. पण तो खेळलाच पाहिजे, हे करारात लिहिलंय."

मी विचारलं, "सगळे सामने?"

"तो धडधाकट असेल तोवर सगळे."

गोलकीपरचं हे असं असतं. बाकीच्यांना निदान शेवटची दहा मिनिटं मिळतात. बॅकवाला दुखावला तर मधला मागे येतो. गोलात जागा एकच, आणि ती सहसा बदलत नाहीत. बेंचवर बसलेला गोली वर्षभर बसून राहू शकतो.

मी घरी फोन करून सांगितलं. बाबांना समजायला वेळ लागला नाही. डेपोत सकाळी येऊन बसायचं, कोणी ड्रायव्हर आला नाही तर त्याची गाडी काढायची, नाहीतर संध्याकाळपर्यंत बाकावर बसून घरी, अशा ड्यूट्या त्यांनी खूप केल्या होत्या.  मायने फोन घेतला.

"म्हंजे उसनवारीनं आणला का तो?"

"हाव. उसनाच."

"मंग साल झालं की वापस देतीन ना त्याले?"

"देतीन."

"मंग थांब तोवर," माय म्हणाली. तिच्या लेखी प्रश्न सुटला होता.

तो मुलगा एकवीस वर्षांचा होता, ईशान्येकडच्या डोंगराळ भागातला. क्लबने त्याला माझ्याच खोलीत ठेवलं. आम्ही हिंदीत बोलायचो. त्याची हिंदी आणि माझी हिंदी यांची भेट मधेच कुठंतरी व्हायची. मला भैया म्हणायचा. माझ्याआधी उठायचा, पांघरुणाची घडी करायचा, तिन्ही वेळा भात खायचा. संध्याकाळी आईशी त्याच्या भाषेत बोलायचा, त्यातला एक शब्द मला कळायचा नाही, पण सामन्याबद्दल बोलतोय की जेवणाबद्दल, ते आवाजावरून कळायचं.

तो माझ्यापेक्षा चांगला होता का? जवळून मारलेल्या चेंडूवर, हो. त्याचे हात मांजरासारखे निघायचे. पण कॉर्नरवरून किंवा बाजूने उंच चेंडू आला की तो गोंधळायचा. पुढे निघायचं की रेषेवर थांबायचं, हे त्याला ठरवता यायचं नाही, आणि ठरवेपर्यंत चेंडू कोणाच्या तरी डोक्यावर असायचा. कोचनी मला सांगितलं, "तुझं हेच चांगलं आहे. त्याला शिकव."

मी शिकवलं. मनापासून शिकवलं असं म्हणणार नाही, पण नीट शिकवलं. रोज सरावानंतर अर्धा तास मी कोपऱ्यातून चेंडू टाकायचो आणि तो पकडायचा. चुकला की स्वतःलाच त्याच्या भाषेत काहीतरी बोलायचा. दिवाळीपर्यंत तो बराच सुधारला. आमचा क्लब जिंकू लागला, पहिल्या तिघांत आला. मी बेंचवर बसून त्याच्या चुका मोजायचो. त्या कमी होत गेल्या तसं मला बरंही वाटायचं आणि वाईटही वाटायचं. बाबांचे फोन येत राहिले. आता ते विचारायचे, "तो खेळला का?" मी हो म्हटलं की, "बरं, जेव," म्हणून ठेवून द्यायचे.

सीझनचा दोन तृतीयांश भाग झाला असेल. एका सामन्यात तो समोरच्या फॉरवर्डच्या पायावर झेपावला. चेंडू घेतला, पण त्या फॉरवर्डचा बूट त्याच्या डाव्या हातावर पडला. तो उठला, हात झटकला आणि उरलेला वेळ खेळला. सामना आम्ही जिंकला. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत त्याने दार लावून घेतलं आणि मला हात दाखवला. करंगळीशेजारचं बोट मुळापाशी सुजून निळं पडलं होतं.

मी म्हणालो, "फिजिओला दाखव."

"नाही भैया. रविवारी ते येतायत."

ते म्हणजे त्याच्या मूळ क्लबचे लोक. वरच्या लीगमधला त्यांचा पहिला गोलकीपर जायबंदी झाला होता. दुसरा खेळत होता, पण बरा खेळत नव्हता. त्यांचे गोलकीपिंग कोच रविवारचा आमचा सामना बघायला येणार होते. पसंत पडला तर त्याला तिथूनच परत नेणार होते, वरच्या लीगमध्ये खेळायला. लोनवर गेलेल्या किती पोरांना असं परत बोलावणं येतं? बहुतेकांना एका उसनवारीतून दुसऱ्या उसनवारीत पाठवतात, आणि एक दिवस क्लबच्या यादीतून नाव कमी होतं. हे त्याला माहीत होतं, मलाही.

"सहाच दिवस," तो म्हणाला. "तुम्ही बांधून द्याल?"

माझ्याकडे टेपचं एक रीळ होतं. मी ते बोट शेजारच्या बोटाला जोडून बांधलं, वरून हातमोजा चढवून दिला. सोमवारी बांधलं, मंगळवारी बांधलं, बुधवारी बांधलं. सरावात तो डाव्या हाताने चेंडू अडवण्याऐवजी अंग मधे घालायचा. कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या येत होतं, कारण मी फक्त तेच बघत होतो.

गुरुवारी सकाळी टेप संपला. त्याने मूठ वळून दाखवायचा प्रयत्न केला, ती अर्ध्यावर थांबली. सूज तळव्यापर्यंत उतरली होती. मी म्हटलं, टेप घेऊन येतो.

आमची फिजिओ म्हणजे एक तरुण बाई होती, कमी बोलणारी, कामात चोख. ती टेबलावर काहीतरी लिहीत होती. मी बोटाला बांधायच्या टेपचं रीळ मागितलं. तिने कपाटातून काढून दिलं आणि सहज विचारलं, "तुमच्या बोटाला काय झालं?"

मी म्हणालो, "माझ्या नाही."

एवढंच. आमची खोली दोघांचीच होती. तिने पेन खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि उठून बाहेर गेली. मी रीळ हातात धरून तिथंच उभा राहिलो.

मला "हो, थोडं मुरगळलंय," म्हणता आलं असतं. एरवी मी असलं खोटं किती सहज बोलायचो. ते दोन शब्द तोंडातून का आले, याचा मी पुढे खूप विचार केला. त्या सकाळी त्याचा तळवा बघून मला भीती वाटली होती, हे खरं आहे. आणि त्याच सकाळी, दात घासताना, तो रविवारी खेळला नाही तर कोण खेळेल हे माझ्या मनात येऊन गेलं होतं, हेही खरं आहे. यातलं कोणतं आधी आलं ते मला सांगता येत नाही.

पुढचं सगळं दोन-तीन तासांत झालं. फोटो काढला, हाड मोडलेलं निघालं. करारात असं होतं की लोनवरच्या खेळाडूला काही झालं तर त्याच दिवशी मूळ क्लबला कळवायचं. त्यांना फोन गेला. तासाभरात त्यांनी त्याचं विमानाचं तिकीट पाठवलं. ऑपरेशन ते त्यांच्या डॉक्टरांकडून करणार होते. आणि रविवारी कोणी येणार नव्हतं, कारण बघायला काही उरलं नव्हतं.

दुपारी तो खोलीत बॅग भरत होता. उजव्या हातानेच. मी त्याचे बूट पिशवीत घातले, टॉवेल घडी करून दिला. तो म्हणाला, "मॅडमला कसं कळलं?"

मी बॅगेची चेन लावत होतो. मान वर न करता म्हणालो, "त्यांचं लक्ष असतं."

"हं," तो म्हणाला. मग चार्जर शोधू लागला. खाली गाडी आली होती. दारात त्याने उजवा हात पुढे केला, मी तो हातात घेतला, आणि तो जिना उतरून गेला.

रविवारी मी खेळलो. बऱ्याच महिन्यांनी. पहिली दहा मिनिटं पाय माझे नव्हतेच. मग एक उंच चेंडू आला. मी पुढे निघालो, दोन्ही हातांत घेतला, आणि सगळं जागेवर आलं. एकही गोल गेला नाही. मला आनंद झाला. पूर्ण, अंगभर आनंद. हे लिहायला मला जड जातं, पण तो झाला होता. संध्याकाळी बाबांनी विचारलं, "तो खेळला का?" मी म्हणालो, "नाई. म्या खेळलो." पलीकडे बाबांनी ते मायला ओरडून सांगितलं. मग, "किती गेले?"

उरलेले सगळे सामने मीच खेळलो. क्लब पहिल्या जागेवर गेला आणि तिथंच राहिला. शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता. बरोबरी झाली असती तरी आम्ही वरच्या लीगमध्ये जाणार होतो. बाबांनी रजा टाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लांबच्या रेल्वेत बसून आले. जवळ एक पिशवी, त्यात मायने दिलेली तिळाची चटणी आणि माझ्यासाठी बनियन. बनियन तिकडेही मिळतात हे मायला पटलेलं नव्हतं.

आम्ही जिंकलो. लोक कठडे ओलांडून मैदानात आले. कोणीतरी मला खांद्यावर घेतलं. वरून मला बाबा दिसले. गर्दीपासून बाजूला, पिशवी पोटाशी धरून उभे होते आणि सगळीकडे बघत होते. एवढी माणसं माझ्यासाठी ओरडताहेत, याचं काय करावं हे त्यांना कळत नसावं.

त्यांची झोपायची सोय माझ्या खोलीतल्या दुसऱ्या पलंगावर होती. सकाळी चहा पिताना त्यांनी विचारलं, "हा पलंग कोणाचा हाय?"

"त्याचाच. त्या उसन्या गोलीचा."

"तो गेला काऊन मधातच?"

मी सांगितलं. टेप, फिजिओ, "माझ्या नाही," बॅगेची चेन, सगळं. कोणाला तरी सांगायची ती पहिलीच वेळ. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. कप खाली ठेवला.

"सांगतलं ते बरंच केलं," ते म्हणाले. "हात गेला असता त्याचा. पण तुले खेळाले भेटावं म्हून सांगतलं का?"

"मले माहीत नाई, बाबा."

त्यांनी पलंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाले, "आमच्या डेपोत एक ड्रायव्हर होता. माह्यासंगचाच. डोळ्यानं कमी दिसे त्याले, तो लपवे. म्या सायबाले सांगतलं. त्याची पुण्याची गाडी मले भेटली. चांगली ड्यूटी होती ते. तो मंग माह्याशी बोलला नाई. म्याही नाई बोललो. वाटे, बोलू कवातरी. तो मरून गेला."

हे मी त्यांच्याकडून आधी कधी ऐकलं नव्हतं. पुण्याची गाडी त्यांच्याकडे होती तेव्हा मी लहान होतो. येताना ते मला बाकरवडी आणायचे.

"फोन कर त्याले," बाबा म्हणाले.

मी हो म्हणालो. केला नाही.

महिनाभराने क्लबच्या ऑफिसात आम्हाला एकेकाला बोलावलं. टेबलामागे नवा माणूस होता, वरच्या लीगची तयारी करायला आणलेला. त्याने आधी अभिनंदन केलं. मग म्हणाला, "तुम्ही लोकांनी क्लबला इथवर आणलं. पण वरच्या लीगसाठी वेगळा संघ लागतो." तो वाईट माणूस नव्हता. हे वाक्य तो त्या दिवशी पुन्हा पुन्हा बोलत होता आणि प्रत्येक वेळी पाण्याचा घोट घेत होता. आमच्यातल्या चारच जणांना ठेवलं. गोलकीपर तिन्ही नवे येणार होते, त्यातला एक परदेशी. ज्या दारातून क्लब वर गेला, त्याच दारातून आम्ही बाहेर आलो. बाहेर व्हरांड्यात आमचा कॅप्टन बसला होता. त्याने विचारलं, "तू?" मी मान हलवली. तो सरकला, मी त्याच्या शेजारी बसलो. आत जाणारे दाराशी थांबून आमच्याकडे बघायचे.

मी अर्धं वर्ष तिसऱ्या लीगमधल्या एका क्लबकडे काढलं. गुडघा सुजायला लागला होता. मग परत आलो. मेहकरात एका खासगी शाळेत खेळ शिकवायचं काम मिळालं, ते अजून करतो.

आमचा जुना क्लब वरच्या लीगमधला पहिला सामना खेळला तेव्हा मी घरीच होतो. बाबांनी टीव्ही लावला. तोवर ते रिटायर झाले होते. तोच रंग, तीच चिन्हं, पण ओळखीचा चेहरा एकच, तोही बेंचवर. मायने विचारलं, "तुही जागा कोनती?" मी पडद्यावर गोल दाखवला. तिथं एक सोनेरी दाढीवाला माणूस हात चोळत उभा होता. मी पंधरा मिनिटं पाहिलं आणि उठून अंगणात गेलो. बाबा मागून आले.

"फोन केला का त्याले?"

"नाई."

ते आत गेले. हा प्रश्न त्यांनी त्या वर्षात पाच-सहा वेळा विचारला असेल. कधी जेवताना, कधी गाडीला किक मारताना. रागावून नाही. दूध आणलं का, असं विचारावं तसं.

त्या मुलाचं नाव मी मोबाइलवर अधूनमधून शोधायचो. वरच्या लीगच्या यादीत ते दिसायचं नाही. तो ऑपरेशनमधून उठेपर्यंत त्यांनी दुसरा गोली विकत घेतला होता. पुढच्या वर्षी त्याला पुन्हा उसनं दिलं होतं, या वेळी तिसऱ्या लीगमध्ये. आमच्याकडे होता त्याच्याही एक पायरी खाली.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली आणि मी मोबाइलवर त्याचा सामना लावला. एकच कॅमेरा, तोही हलणारा. कॉर्नर आला. तो रेषेवरून एक पाऊल पुढे आला, थांबला, परत मागे गेला, आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून जाळ्यात गेला. मी मोठ्याने म्हणालो, "निघायचं होतं." शाळेच्या मैदानावर मी एकटाच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला. नंबर बदललेला नव्हता.

"भैया," तो म्हणाला. त्याने माझा नंबर काढून टाकलेला नव्हता.

मी बोट कसं आहे विचारलं. वाकडं राहिलंय थोडं, पण त्रास नाही, तो म्हणाला.  मी म्हणालो, "त्या दिवशी मॅडमला माझ्यामुळे कळलं."

"मला माहीत आहे. मॅडमनेच सांगितलं होतं, त्याच सकाळी, हॉस्पिटलात फोटो काढायला नेलं तेव्हा. त्यांना वाटलं मी तुमचे आभार मानेन."

"म्हणजे खोलीत तू विचारलंस तेव्हा..."

"माहीत होतं. बघत होतो तुम्ही काय म्हणता."

 तोच पुढे बोलला, शांतपणे, शब्द शोधत. "सांगितलं त्याचा राग थोडे दिवस होता. डॉक्टर म्हणाले, अजून एक सामना खेळला असतास तर बोट कायमचं गेलं असतं. मग तो राग गेला. पण तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही ना, बॅगेकडे बघून बोललात, तो राग खूप राहिला."

मी म्हणालो, "मला जागा हवी होती."

"मलाही हवी होती. म्हणून तर लपवलं."

त्याने माफ केलं म्हणून सांगितलं नाही आणि मी मागितलंही नाही. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "कालचा सामना पाहिलात का?"

"पाहिला."

"मग सांगा."

मी सांगितलं. चेंडू उडाल्यावर तू ठरवतोस, ते आधी ठरलेलं पाहिजे. मारणाऱ्याच्या पायाकडे बघ, चेंडूकडे नंतर. एकदा निघालास की मागे फिरायचं नाही, चुकलास तरी. अर्धा तास आम्ही त्या एका गोलाबद्दल बोललो. मग त्याची सरावाची गाडी आली आणि त्याने फोन ठेवला.

दुपारी जेवताना मी बाबांना सांगितलं, फोन केला. त्यांनी विचारलं, "बोलला का तो?" मी म्हणालो, बोलला. त्यांनी मान हलवली आणि पुढचा घास घेतला. पुन्हा त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

त्या सीझननंतर त्याच्या क्लबने त्याचा करार वाढवला नाही. तो गावाकडे परतला आणि तिकडच्या पोलीस खात्यात खेळाडूंच्या जागेतून लागला. आता खात्याच्या संघात गोल सांभाळतो. आमच्यात मैत्री झाली असं म्हणणं जास्त होईल. कधी तो फोन करतो, कधी मी. कधी दोन-दोन महिने कोणीच करत नाही.

मागच्या हिवाळ्यात त्याचं लग्न झालं. मला जाता आलं नाही. शाळेचे सामने होते, आणि खरं सांगायचं तर इतक्या लांब जाऊन त्याच्या आईसमोर उभं राहायची तयारी नव्हती. पण मायने मेहकरच्या बाजारातून एक साडी आणली, हिरवी, जरीच्या काठाची, आणि बाबांनी ती स्वतः पोस्टात जाऊन पाठवली. बरेच दिवसांनी फोटो आला. ती मुलगी डोंगरावरच्या घरापुढे उभी होती, अंगात स्वेटर, आणि आमची साडी तिने शालीसारखी खांद्यावरून घेतली होती. मायने तो फोटो बराच वेळ पाहिला.

"नेसता नाई येत वाटते तिले," ती म्हणाली. मग म्हणाली, "राहू दे. थंडी असन तिकडं."